शिंगाड्याची सुरी

उकडलेल्या शिंगाड्याचा वास आधी चिखलाचा येतो, मग गोडाचा. मधे एक क्षण असा असतो की नेमका कशाचा वास येतोय ते कळत नाही. दिवाळी उलटून थंडी पडू लागली की भंडाऱ्यात बसस्टँडपासून नदीच्या पुलापर्यंत टोपल्या मांडल्या जातात. वर ओलं फडकं, फडक्यातून वाफ. मी दरवर्षी त्या मधल्या क्षणात अडकून पडते. या दिवसांत कोणाला धानाची कापणी आठवते, कोणाला गावची मंडईची जत्रा आणि तिथलं दंडारीचं लोकनाट्य. मला एक सुरी आठवते.

यंदा तो वास आला आणि त्याच आठवड्यात सुनंदा मॅडमचा फोन आला. "मी या वर्षी निवृत्त होतेय. त्याआधी ओटा परत सुरू करायचाय. नवीन मुलं-मुली तयार झालीत. शनिवारी ये, त्यांना दोन शब्द सांग." मी हो म्हटलं. मॅडमना नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही. फोन ठेवल्यावर मात्र प्रश्न पडला: कोणते दोन शब्द? माझ्याकडे त्या ओट्याबद्दल सांगण्यासारखं एकच आहे, आणि ते चांगलं की वाईट हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

ओटा म्हणजे आमच्या कॉलेजच्या सायकल स्टँडमागे, चिंचेखाली असलेला सिमेंटचा ओटा. मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा वरून पत्रक आलं, की प्रत्येक महाविद्यालयात व्यसनं आणि मारामाऱ्या रोखण्यासाठी समिती असावी. समिती झाली. वनस्पतिशास्त्राच्या सुनंदा मॅडम तिच्या प्रमुख झाल्या, कारण त्या दिवशी त्या रजेवर होत्या. समितीला एक रजिस्टर मिळालं, एक माठ मिळाला आणि एक खोली मिळाली, जिच्या भिंतीवर गोंदिया वेगळा होण्याआधीचा जिल्ह्याचा नकाशा अजून लटकत होता. पैसा मिळाला नाही. "फंड नाही," मॅडम आम्हाला म्हणाल्या, "पण झाड आहे."

आमच्याकडचं व्यसन म्हणजे आधी खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात. तो घोटण्याचा सर्र सर्र आवाज कॉलेजच्या गेटवर पहिल्या तासाच्या घंटेआधी ऐकू यायचा. जिन्याच्या कोपऱ्यांत तांबडे डाग. मी कठड्याला हात न लावता जिना चढायला शिकले होते. हजेरी देताना मुलं मान वर करून 'येस सर' म्हणत, गालातलं सांडू नये म्हणून. सर खाली बघून खुणा करत. बरीचशी भांडणंही त्या ठेल्यावरच सुरू व्हायची. कोणी कोणाकडे कसं बघितलं, कोणाची गाडी कोणाला घासली. वरठीकडून मोटरसायकलींवर येणारी मुलं एका बाजूला, गावाकडून सायकलीनं येणारी दुसऱ्या बाजूला, आणि मधे पानठेला.

मॅडमची पद्धत अशी होती: दुपारच्या सुट्टीत दोन विद्यार्थ्यांनी ओट्यावर बसायचं. माठात पाणी, डब्यात फुटाणे. ज्याला यायचं त्यानं यावं. नाव विचारायचं नाही, 'सोड' म्हणायचं नाही. "उपदेश केला की उठून जातील. त्यांचं तोंड आणि हात अर्धा तास दुसऱ्या कशात तरी गुंतवा, बस." नियम दोनच. ओट्यावरचं ओट्यावर राहील. आणि कोणाच्या जिवाला धोका दिसला, तरच सांगायचं.

मी यात आले ती वेगळ्याच कारणानं. वर्गात उभं राहून सेमिनार द्यायचा होता आणि मला तो टाळायचा होता. आमचं घर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं. मागे माग, पुढे दुकान. घरात 'मले-तुले', शाळेत नर्सरीपासून इंग्रजी, कॉलेजात पुस्तकातलं मराठी. या तिन्हींत मी गप्पच बसायचे. सेमिनार नको म्हणून मॅडमकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "बोलायचं नाही ना तुला? मग तुझ्यासारखीच कोणीतरी मला ओट्यावर हवी आहे." माझ्या जोडीला दिलेली मुलगी दोन दिवस आली, मग आलीच नाही. मी आपली पर्स मांडीवर घेऊन चिंचेखाली बसून असायचे. आमच्या घरच्या बायकांच्या पर्समध्ये असतं ते सगळं माझ्याही पर्समध्ये असायचं: रुमाल, पिना, धागा कापायची लहान कैची. दुरून मुलं म्हणायची, "कॉन्व्हेंट बसली पाय, देव्हाऱ्यात बसल्यावानी."

पहिला आठवडा कोणी आलं नाही. पाखरांनी फुटाणे खाल्ले.

मग दिवाकर आला. माझ्यापेक्षा एका वर्षानं पुढे, शेवटच्या वर्षाला. कारध्याच्या पलीकडच्या एका गावातून सायकलनं यायचा. त्याच्या घरचे तलावात मासे धरायचे. मॅडमनी कुठल्याशा डॉक्टरांकडून एक युक्ती शिकून आणली होती आणि ती कागदावर लिहून चिंचेला लावली होती: आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात जातात का बघा. जात नसतील तर खर्ऱ्यानं जबडा आखडायला लागला आहे. दिवाकरनं कागद वाचला, इकडेतिकडे बघितलं आणि बोटं तोंडात घातली.

"किती गेली?" मी विचारलं. नियमानुसार हेही विचारायला नको होतं.

"अडीच," तो म्हणाला आणि हसला. "एवढं काय मोठं नाही. भात तं जाते ना." मग ओट्याच्या कडेला टेकला. "तिखट मात्र जळते ताई. मायनं रस्सा केला का मी नुसतं भातच खातो. तिले वाटते मासोळी बिघडली."

मला तो ताई म्हणायचा, मी लहान असूनही. बहुधा मी तशी बसायचे म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यानं फुटाण्याच्या डब्यात हात घातला, दोन दाणे चावले आणि तोंड वाकडं केलं. "यानं का होते? खर्ऱ्याचा मजा तं हातात असते ताई. घोटाचा, मयाचा, चिमूट धराची. हे तं फेकलं तोंडात का झालं." तिसऱ्या दिवशी तो पिशवीभर शिंगाडे घेऊन आला. त्यांच्या तलावातले, सकाळी उकडलेले, अजून कोमट. एका जुन्या फडक्यात गुंडाळलेली लहान, वाकडी सुरी त्यानं काढली. एका झटक्यात एक शिंग, दुसऱ्या झटक्यात दुसरं, मग मधोमध चीर, आणि काळ्या सालीतून पांढराशुभ्र गर बाहेर. मी त्याच्याकडे बघतच राहिले. आमच्याकडचे कारागीर मागावर तुटलेला धागा जोडतात तेव्हा त्यांचे हात असे चालतात, न बघता.

ती बातमी फुटाण्यांपेक्षा लवकर पसरली. मुलं येऊ लागली. सुरी एकच, म्हणून बाकीचे दातांनी, नखांनी सोलायचे. शिंगं टोचायची, शिव्या निघायच्या, बोटं जांभळी-काळी व्हायची. शिंगाडा खायला वेळ लागतो. दोन्ही हात लागतात. आणि हातात शिंगाडा असताना खर्ऱ्याची पन्नी उघडता येत नाही. अर्धा तास ती पन्नी खिशातच राहायची. मॅडम येऊन कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. "हे पत्रकात नव्हतं," म्हणाल्या.

"पन शिंगाडे सरले का मंग का करशीन बे?" कोणीतरी दिवाकरला विचारलं.

"तवाचं तवा," तो म्हणाला. "सध्या तं तलाव भरून हाय."

वरठीची मुलंही येऊ लागली होती. त्यांच्यातला बंटी नावाचा मुलगा मोटरसायकलवर बसूनच शिंगाडे मागायचा. मुलं बोलायची आणि मी ऐकायचे. कोणाचा बाप पितो, कोणाला घरून पैसे बंद झालेत, कोणाला रात्री झोप लागत नाही. त्या पंधरा-वीस दिवसांत मी जेवढं मराठी ऐकलं तेवढं आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला वाटू लागलं होतं की मी काहीतरी करते आहे. आता वाटतं की मी फक्त बसले होते, जे करत होता तो दिवाकर.

मग गॅदरिंग आलं. ते आलं की कॉलेजची हवाच बदलते. कोणाचा डान्स आधी, पुढच्या खुर्च्यांवर कोणाचा ग्रुप. आदल्या दिवशी दुपारी दिवाकरची सायकल कलंडून बंटीच्या गाडीवर पडली. बंटीनं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली मारली आणि म्हणाला, "मासोळीचा वास गाडीले लावून देल्लास बे. धू आता." दिवाकरनं खरंच आपल्या रुमालानं ती गाडी पुसली. सगळे हसत होते. हसणाऱ्यांत शिंगाडे खाणारेही होते. मग तो ओट्यावर येऊन बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या पायतो त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर आला तेव्हा त्याचा डावा गाल फुगलेला होता. खर्रा. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा. पिशवी त्यानं माझ्या बाजूला ठेवली; ती चपटी होती. तो माठाकडे पाणी प्यायला गेला, पिशवी कलली आणि फडक्याचं टोक बाहेर आलं. त्यातून सुरीचं टोक. आत शिंगाडा एकही नव्हता.

ती सुरी मी रोज बघत होते. तिनं सोललेले शिंगाडे खाल्ले होते. तरी त्या क्षणी मला ती ओळखू आली नाही.

मी मॅडमना शोधायला धावले. त्या रंगमंचामागे कुठेतरी होत्या, सापडल्या नाहीत. ऑफिससमोर शिस्तीचं काम बघणारे सर उभे होते. आणि घाबरले की मला जे होतं तेच झालं, मी इंग्रजीत बोलले. "सर, ही हॅज अ नाइफ." आणि दिवाकरकडे बोट दाखवलं.

त्या वाक्यात शिंगाडे नव्हते. तलाव नव्हता, अडीच बोटं नव्हती, पुसलेली गाडी नव्हती. मराठीत म्हटलं असतं तर कदाचित 'शिंगाड्याची सुरी' असं आलं असतं तोंडात, आणि सरांनी विचारलं असतं, म्हणजे काय. पण आमच्या कॉलेजात कोणी इंग्रजीत बोललं की ते आधीच खरं धरलं जायचं. सर काही न विचारता निघाले.

पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली गेली. एक वही, एक पेन, फडकं, सुरी. दिवाकर एवढंच म्हणाला, "सर, शिंगाड्याची हाय." आणि कोणीतरी मागून म्हणालं, "कुठं हायेत बे शिंगाडे?" पुन्हा सगळे हसले. त्याच्या वडिलांना बोलावलं. ते आले तेव्हा त्यांची पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि ती सोडायचं त्यांना सुचलं नव्हतं. परीक्षेपर्यंत कॉलेजात पाऊल ठेवायचं नाही, असं लिहून घेतलं. परीक्षेला येता येईल असं सांगितलं होतं, पण तो आलाच नाही.

गॅदरिंग शांततेत पार पडलं. कोणाला साधं खरचटलंही नाही. समितीच्या अहवालात एक ओळ आली, की वेळीच दक्षता घेतल्यामुळे अनुचित प्रकार टळला. सरांनी सर्वांसमोर माझं नाव घेऊन कौतुक केलं. मी पहिल्यांदा स्टेजवर गेले ती अशी.

मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन बसल्या. "तू चुकलीस असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरोबर केलंस असंही तोंडातून निघत नाही गं." मग आम्ही दोघी माठाकडे बघत बसलो. कोणी आलं नाही. त्यानंतर कधीच कोणी आलं नाही. जिथं पिशवीतलं सांगितलं जातं तिथं कोण बसेल? पानठेल्यावरून तो सर्र सर्र आवाज पूर्वीपेक्षा जोरात येऊ लागला, की मलाच तसा ऐकू येत होता, कोण जाणे.

मी तेव्हापासून हे सगळ्या बाजूंनी फिरवून बघते आहे. समजा मी गप्प बसले असते आणि त्या दुपारी बंटीच्या पोटात ती सुरी गेली असती तर? मग मी आज काय लिहीत असते? समजा ती गेली नसती, तर एका मुलाचं वर्ष आणि त्याच्या बापाचा मान मी कशासाठी घेतला? नियम दोन होते. एकानं मला गप्प बसायला सांगितलं, दुसऱ्यानं बोलायला, आणि मधली जागा कोणीच आखून दिली नव्हती. आणि एक प्रश्न मी स्वतःलासुद्धा हळूच विचारते: पिशवी कापडाची नसती, चांगली बॅग असती, ती एखाद्या दुकानदाराच्या मुलाची असती, तर मी धावले असते का?

मी आता लाखनीला एका ऑफिसात काम करते. स्कूटीनं रोज कारध्याचा पूल ओलांडते. पुलाच्या त्या टोकाला दिवाकर शिंगाड्याची टोपली घेऊन बसतो, हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे. तिथं आलं की माझ्या स्कूटीचा वेग आपोआप वाढतो.

शनिवारी दुपारी ऑफिसातून ओट्यावर जायला निघाले, तेव्हा मी तो वाढू दिला नाही.

त्यानं मला लगेच ओळखलं. "ताई! लय दिवसानं थांबलात. रोज तं उडून जाता." म्हणजे त्याला तेही माहीत होतं. तो थोडा जाड झाला होता. गाल फुगलेला नव्हता.

"खर्रा सोडला?"

"सोडला." त्यानं तीन बोटं उभी धरून तोंडाकडे नेली, हसला आणि खाली घेतली. "अडीचच जातेत. पन दोन नाही झाली."

मी ठरवलेलं काही बोलले नाही. एकदम म्हणाले, "त्या दिवशी मी सांगितलं होतं."

"मालूम हाय. इंग्लिशमंधी सांगतलं म्हने." तो टोपलीवरचं फडकं सारखं करू लागला. "बंटी आला होता मांगं. आपली लहान पोरगी घेऊन. अर्धा किलो नेले."

"दिवाकर, त्या दिवशी पिशवीत शिंगाडे का नव्हते?"

"बाबानं पहाटीच सारा माल साकोलीच्या बाजारात नेला होता. सुरी तं पिशवीतच रायची माही. रोजच्यावानी."

म्हणजे झालं. इतक्या वर्षांचं उत्तर एवढंच होतं. मी काहीतरी बोलणार, माफी मागणार, तोच तो खालच्या आवाजात म्हणाला, "पन ताई, निंगताना मी पिशवीत हात घालून पायलं होतं. सुरी हाय का नाही म्हून. रोज नव्हतो पायत." एक ट्रक पुलावरून गेला. तो जाईपर्यंत थांबून तो म्हणाला, "काहून पायलं, ते मले आजवरी नाही समजलं."

खाली नदीत पाणी कमी झालं होतं आणि वाळूचे पट्टे दिसत होते. मला वाटलं होतं की माझ्याजवळ ही गोष्ट अर्धीच आहे. दुसरा अर्धा भाग त्याच्याजवळ असेल, तो मिळाला की पूर्ण होईल. पण त्याच्याजवळही अर्धीच होती, आणि तीही माझ्याजवळ होती तीच.

"कुठं जाऊन राहिल्या?" त्यानं विचारलं.

"कॉलेजात. ओटा परत सुरू करतायत मॅडम. मला बोलायला बोलावलंय."

"तुमाले? बोलाले?" तो मनापासून हसला. मग पिशवी उघडून शिंगाडे भरू लागला. मी पैसे काढले तर म्हणाला, "ठेवा. नुसत्या बोलन्यानं पोट्टे बसत नसतेत." वरचा एक शिंगाडा त्यानं माझ्या हातात दिला. "हा तुमी खा. पन सोलून नाही देत. सुरी नाही ठेवत मी आता टोपलीपाशी. लोकं घरी नेऊन सोलतेत."

शिंगाडा गरम होता. एक शिंग तळव्याला टोचलं. मी पर्स उघडली, कैची काढली, एक शिंग कापलं, मग दुसरं. दिवाकर बघत राहिला.

"तुमच्या पर्समंधी कैची रायते?"

"हो."

"कालेजातबी होती?"

"रोज."

त्यानं हात पुढे केला. मी कैची दिली. त्यानं तिचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं, कोशाचा धागा कापणारी कैची असते तेवढी ती धारदार होती. टोक आपल्याकडे आणि मूठ माझ्याकडे करून त्यानं ती परत दिली, शिंगाडे सोलताना सुरी दुसऱ्याच्या हातात द्यायचा तशीच.

पूल ओलांडताना पिशवी पायाशी होती आणि तिची ऊब पोटरीला लागत होती. नव्या मुलांना काय सांगायचं, ते अजूनही ठरलेलं नव्हतं. ओट्यावर गेल्यावर बोलायच्या आधी पर्स उघडायची आणि कैची सगळ्यांच्या समोर ठेवायची, एवढंच ठरलं होतं.